कंपासपेटीतल्या कॅप्सूल

कंपासपेटीचं झाकण लागेना, म्हणून मी ती लेकाच्या दप्तरातून बाहेर काढली. आत कर्कटक, खोडरबराचे तीन तुकडे, टोकं मोडलेल्या पेन्सिली आणि सगळ्यांच्या तळाशी कोनमापकाला चिकटून बसलेला पिवळट, तेलकट लगदा. बोटाला लागला तसा वास आला आणि उलगडा झाला. मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल. काही धड, काही फुटून एकमेकींना चिकटलेल्या. जुन्या वर्तमानपत्रावर पसरून मोजल्या. फुटलेल्यांची सालपटं धरून एकवीस भरल्या. रोजची एक, म्हणजे सलग तीन आठवडे.

"गिळली की दिवसभर माशाचे ढेकर येतात," तो म्हणाला. "तू बघत असतेस तेव्हा मी ती गालात धरतो. मग दप्तर भरताना पेटीत टाकतो."

जो मुलगा पाण्याची बाटली शाळेत विसरल्याशिवाय घरी येत नाही, त्याने ही एक गोष्ट एकवीस दिवस न चुकता केली होती. मला रागवायचं होतं. पण त्याआधी मला माझी वही आठवली.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासाचं निदान झालं, तेव्हा तो सात वर्षांचा होता. बालमानसोपचारतज्ज्ञ म्हणाल्या होत्या, काहीही सुरू करा, काहीही बंद करा, पण रोज संध्याकाळी पाच मिनिटं लिहीत जा. वहीत चार रकाने होते: जागेवर बसणं, विसरणं, मध्येच बोलणं, चिडणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे कहर. कॅप्सूल सुरू केल्या त्या दिवशी मी नवं पान उघडलं होतं. पहिल्या आठवड्यात तीन-तीन, दोन-तीन. मग दोन-दोन. आणि नेमक्या त्या तीन आठवड्यांत, ज्यात तेलाचा थेंबही त्याच्या पोटात गेला नव्हता, एक, एक, शून्य, एक. समासात लाल पेनाने लिहिलेलं होतं: 'फरक पडतोय!' खाली दोन रेघा.

मग मी तीन आठवडे मोजत काय होते?

हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. निदानापासून तोवर वर्षभरात आम्ही काय काय केलं नव्हतं! साखर बंद केली. रंगीत गोळ्या-बिस्किटं बंद केली. दूध आणि गहू काही दिवस बंद केले. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या झाल्या, एक काढा झाला, डोक्याला तारा लावून पडद्यावर गाडी पळवण्याचा उपचार झाला. यातलं बहुतेक तज्ज्ञ बाईंना न सांगता. सांगायचं धाडस नव्हतं असं नाही, पण बाई काय म्हणतील ते आधीच माहीत आहे असं धरून चाललं होतं. पुढे वाचनात आलं की मी एकटी नाही. बोस्टनमधल्या ११७ कुटुंबांची एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ५४ टक्के पालकांनी मागच्या वर्षभरात मुलाच्या एडीएचडीसाठी कुठला ना कुठला पर्यायी उपाय केला होता. तो डॉक्टरांच्या कानावर घालणारे जेमतेम ११ टक्के.

आम्ही असं का वागतो, हे बाहेरून बघणाऱ्याला अडाणीपणा वाटतो. आतून तो वेगळा दिसतो. जगभरात साधारण ५ टक्के मुलांना हा त्रास असतो आणि त्याच्या मुळाशी आनुवंशिकतेचा वाटा मोठा, जुळ्यांच्या अभ्यासांनुसार सुमारे तीन चतुर्थांश, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ऐकून दोष डोक्यावरून उतरायला हवा होता. तो उतरला नाही, फक्त खांदा बदलला. आता माझ्या रक्तातून आलं म्हणजे निस्तरायचंही मीच, असं वाटायला लागलं. त्यात 'मेंदूवर काम करणारी गोळी' हे शब्द ऐकले की हातपाय गार पडायचे. काढा द्यायला कुणाची परवानगी लागत नाही, त्याच्या बाटलीवर दुष्परिणामांची बारीक अक्षरातली यादी नसते. आणि मुख्य म्हणजे काढा उकळताना हात कामात असतात. काहीतरी करतोय, हे समाधान मोठं असतं. ते कुणाला मिळतं हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नव्हता.

साखरेपासून सुरुवात करते, कारण साखरेवर मी सर्वांत जास्त ठाम होते. वाढदिवसाला जाऊन आलेली मुलं कशी उधळतात, हे काय मला कुणी शिकवायला हवं? १९९४ मध्ये हूवर आणि मिलिच या दोन संशोधकांनी पाच ते सात वर्षांची ३५ मुलं आणि त्यांच्या आया बोलावल्या. सगळ्या आया माझ्यासारख्याच, 'याला साखर चढते' म्हणणाऱ्या. मुलांना गोड पेय दिलं. निम्म्या आयांना सांगितलं, यात भरपूर साखर आहे. उरलेल्यांना सांगितलं, नाही. खरं तर साखर कुणाच्याच पेयात नव्हती, सगळ्यांना कृत्रिम गोडी दिली होती. ज्यांना साखर सांगितली होती त्या आयांनी आपलं मूल जास्त उधळलं असं नोंदवलं. हे एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्या माय-लेकरांना खेळताना संशोधक बघतही होते. 'साखरवाल्या' आया मुलाच्या जास्त जवळ घुटमळत होत्या, जास्त टोकत होत्या, त्याच्याकडे जास्त बघत होत्या.

त्याच वर्षी वोलराइच आणि सहकाऱ्यांनी आणखी काटेकोर काम केलं. साखरेचा त्रास होतो असं पालक म्हणत होते त्या शाळकरी मुलांना आणि सोबत काही धडधाकट लहानग्यांना तीन-तीन आठवडे वेगवेगळा आहार दिला, कधी साखरेचा, कधी कृत्रिम गोडीचा. कुठला आहार कधी चालू आहे हे कुणालाच कळू दिलं नाही. वागण्यात आणि बुद्धीच्या कामात फरक सापडला नाही. साखर कमी खावी याला दातांपासून वजनापर्यंत हजार कारणं आहेत. एडीएचडी हे त्यातलं नाही.

दोन्ही प्रयोगांचं वर्णन वाचून मी वही पुन्हा उघडली. कॅप्सूल कधी सुरू केल्या होत्या? परीक्षांच्या आठवड्यात, घरात रोज रडारड चालू असताना. माणूस नवा उपाय शोधतो तोच मुळी वाईटातल्या वाईट दिवशी. आणि वाईटातला वाईट दिवस उलटला की त्यानंतरचे दिवस, काही केलं नाही तरी, त्याहून बरेच निघतात. ताप चढलेला असताना अंगारा लावा की पट्टी ठेवा, उतरायची वेळ झाली की तो उतरतोच आणि श्रेय शेवटच्या उपायाला जातं. भरीला मी रोज संध्याकाळी पाच मिनिटं, हातातलं सगळं टाकून, त्याच्याकडे बघायला लागले होते. आधी कधी बघत होते? ओरडायचं असेल तेव्हा.

या क्षेत्रातलं एक संशोधन मला वहीशेजारी ठेवावंसं वाटतं. २०१३ मध्ये सोनुगा-बार्क आणि युरोपातल्या बऱ्याच संशोधकांनी मिळून औषधाविना केलेल्या उपचारांच्या ५४ चाचण्या एकत्र तपासल्या: आहार, मेदाम्लं (मासळीच्या तेलात असतात ती), रंगबंदी, न्यूरोफीडबॅक (तारा लावून गाडी पळवण्याचा तो उपचार), स्मरणशक्तीचे संगणकी खेळ, वर्तनोपचार. गुण देणारी व्यक्ती मुलाच्या सगळ्यांत जवळची, म्हणजे बहुधा उपचार चालू आहे हे जाणणारी, असेल तर सगळेच उपचार लागू पडत होते. एकजात सगळे! मग त्यांनी फक्त अशा गुणांकडे बघितलं, जे देणाऱ्याला मुलाला काय मिळतंय याची बहुधा कल्पना नव्हती. तशी बेरीज करताच एकेक उपचार गळाला. टिकले दोनच. कृत्रिम रंग टाळणं आणि मेदाम्लं. मेदाम्लांचा परिणाम टिकला खरा, पण अगदी किरकोळ. नंतरच्या मोठ्या आढाव्यांत तोही डळमळीतच दिसतो.

म्हणजे माझी वही म्हणजे त्या पहिल्या बेरजेतली एक ओळ होती.

तारा लावून गाडी पळवायच्या उपचाराबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण त्यात आमचे सर्वांत जास्त शनिवार गेले. न्यूरोफीडबॅकची कल्पना ऐकायला देखणी आहे. एडीएचडीच्या काही मुलांच्या मेंदूलहरींत संथ थीटा लहरी जास्त आणि जलद बीटा कमी आढळतात. डोक्याला संवेदक लावायचे, लहरी हव्या तशा झाल्या की पडद्यावरची गाडी पळते, नाहीतर थांबते. मेंदू आपोआप शिकतो. लेकाला ते फार आवडायचं. पाचव्या-सहाव्या बैठकीला तो मोठ्या अभिमानाने मला म्हणाला, "आई, मला युक्ती सापडली. दात घट्ट आवळले आणि भुवया अशा ताणल्या की गाडी सुसाट सुटते." कपाळाचे आणि जबड्याचे स्नायू स्वतःची वीज पाठवतात आणि यंत्राला ती लहरींत मिसळलेली दिसू शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी समोरच्या गृहस्थांना ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तो एकाग्र होतोय." मुलगा मात्र घरी गणिताच्या वहीपुढे दात आवळून, भुवया ताणून बसायला लागला. गणित काही सुटेना.

२०२१ मध्ये याची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सात ते दहा वर्षांची सुमारे १४० मुलं, प्रत्येकाला ३८ बैठका. काही मुलांचा खेळ त्यांच्या स्वतःच्या लहरींवर चालायचा. बाकीच्यांचा, त्यांच्या नकळत, आधी टिपून ठेवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या लहरींवर. मुलं, पालक, शिक्षक, कुणालाच माहीत नाही. शेवटी दोन्ही गट चांगलेच सुधारले. आणि दोन्ही सारखेच सुधारले. मला यातलं पहिलं वाक्यही महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी आठवड्यामागून आठवडे तुझ्याशी शांतपणे बोलतंय, ठरलेल्या वेळी नेतंय, तू नीट बसलास की शाबासकी देतंय, याने मूल सुधारतं. त्यासाठी डोक्याला तारा लागत नाहीत, एवढंच.

रंगांच्या बाबतीत मी थोडी नमते, कारण तिथे हेटाळणी झालेला माणूस अगदीच चूक निघाला नाही. बेंजामिन फाइनगोल्ड हे अमेरिकेतले ॲलर्जीतज्ज्ञ. कृत्रिम रंग, कृत्रिम चवी आणि काही फळभाज्यांत नैसर्गिकपणे असणारी सॅलिसिलेट्स नावाची रसायनं बंद केली तर निम्म्यापर्यंत अतिचंचल मुलं सुधारतात, असा त्यांचा १९७० च्या दशकातला दावा होता. पालकांनी डोक्यावर घेतलं, वैद्यकाने झिडकारलं. नियंत्रित चाचण्यांत परिणाम त्यांच्या दाव्याच्या जवळपासही आला नाही. पण २००७ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मिळून जवळजवळ ३०० मुलं तपासली. एडीएचडी असलेली नव्हेत, कुठलीही. कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट या टिकाऊपणासाठीच्या रसायनाचं मिश्रण घातलेलं पेय आणि तसंच दिसणारं साधं पेय. मिश्रणाने चंचलता थोडी वाढली. थोडीच, पण वाढली. २०१० पासून युरोपीय संघात असे सहा रंग असलेल्या पदार्थांवर 'मुलांच्या हालचालीवर आणि अवधानावर विपरीत परिणाम होऊ शकतो' असा इशारा छापावा लागतो. टार्ट्राझिन आणि सनसेट यलो त्या सहांत आहेत. आमच्याकडे रंगीत गोळ्या बंदच राहिल्या. त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं.

गहू-दूध बंदीची गोष्ट तशी नाही. नेदरलँड्समध्ये २०११ साली चार ते आठ वर्षांच्या १०० मुलांवर अतिशय कडक वर्ज्य-आहाराची चाचणी झाली. मोजके पदार्थ ठेवून बाकी सगळं पाच आठवडे बंद. पुष्कळ मुलं सुधारली असं निष्पन्न झालं, पण आहार चालू आहे हे पालकांना अर्थातच माहीत होतं. रक्तातली आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं (शरीर बचावासाठी बनवतं ती प्रथिनं) तपासून कुठला पदार्थ सोसत नाही ते ओळखता येतं का, हेही त्यांनी बघितलं. येत नाही, आणि त्या तपासणीवरून आहार ठरवू नये, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आम्ही मात्र नेमकी तीच तपासणी करून घेतली होती. रंगीत छापील अहवाल आला होता, लाल रंगात दूध, लाल रंगात गहू.

मग एका वाढदिवसाला तो स्वतःचा डबा घेऊन गेला. मी न्यायला गेले तेव्हा बाकीची मुलं ताटल्या घेऊन गोल करून बसली होती आणि हा भिंतीला टेकून, डबा न उघडता उभा. परतताना रस्त्यात त्याने विचारलं, "सगळ्यांना चालतं ते मला विष का आहे?" त्या रात्रीच्या पानावर चिडण्याच्या रकान्यात तीन आहे. आहार त्याच आठवड्यात संपला.

काढ्याबद्दल थोडक्यात. 'नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना,' हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय. धोतराही नैसर्गिकच. सेंट जॉन्स वर्ट या युरोपात लोकप्रिय वनस्पतीची ५४ मुलांवर नीट चाचणी झाली, २००८ मध्ये. ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. शिवाय ती यकृतातल्या विकरांना अशी चाळवते की बरीच दुसरी औषधं शरीरातून लवकर निघून जातात. आणि २००४ मध्ये बोस्टनमध्ये विकत मिळणारी दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. वनस्पती बिचारी निर्दोष असेल, बाटलीत तिच्यासोबत काय आलंय हा प्रश्न आहे. शिशाने मुलांचं अवधान बिघडतं, हे तर सिद्ध झालेलं आहे! लक्ष लागावं म्हणून लक्ष उडवणारा धातू पाजायचा, याला काय म्हणावं? आमच्या काढ्यात तसं काही होतं असं माझं म्हणणं नाही. मी कधी तपासून घेतलाच नाही, हे माझं म्हणणं आहे. ब्राह्मीवर लहान लहान अभ्यास आहेत, आशा वाटावी असे आहेत, विसंबून राहावं असे नाहीत.

होमिओपॅथीसाठी, म्हणजे त्या पांढऱ्या गोळ्यांसाठी, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २००७ चा आढावा पुरेसा आहे. एडीएचडीवर उपयोग होतो असं म्हणायला पुरावा सापडला नाही. त्या गोळ्यांनी अपाय केला नाही, फक्त चार महिने नेले.

लोह आणि जस्त ही वेगळी भानगड. अंगात लोह कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, लक्ष लागो न लागो. पण ते रक्त तपासून, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. लोहाचं जास्त प्रमाण लहान मुलांना जिवावर बेतू शकतं. जीवनसत्त्वं आणि खनिजं एकत्र देण्याची २०२२ ची एक चाचणी मात्र मला गोंधळात टाकते. १२६ मुलं. कुणाला काय मिळतंय हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांना खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के मुलं सुधारलेली दिसली, नकली घेणाऱ्यांपैकी १८. पालकांच्या लक्षणयादीत मात्र दोन्ही गट सारखेच. इथे उलटंच झालं, परक्याला दिसलं ते आईला दिसलं नाही. सगळं माझ्या सिद्धान्तात चपखल बसत नाही, हे बरंच आहे म्हणा.

एवढं सगळं गाळून चाळणीत काय उरलं? चालणं उरलं. सात ते बारा वर्षांच्या १७ मुलांना वीस-वीस मिनिटं तीन ठिकाणी फिरवून आणलं होतं, बागेत, गजबजलेल्या भागात आणि वस्तीत. बागेतून आल्यावर लक्ष जास्त टिकलं. अभ्यास २००९ चा, मुलं इतकी कमी की मी एरवी नाक मुरडलं असतं. इथे मुरडत नाही. कारण मुलाकडून काय हिरावून घेतलं जातंय त्यावर मी पुरावा किती कडक मागायचा ते ठरवते. बागेतल्या फेरीने त्याचं काही जात नाही. वर्ज्य-आहाराने त्याच्या पंगतीतली जागा जाते.

झोप उरली. उशिरा झोप लागणाऱ्या एडीएचडीच्या १०५ मुलांना मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक देऊन बघितलं होतं. झोप जवळपास २७ मिनिटं लवकर लागली, दिवसाच्या वागण्यात फरक पडला नाही. आम्ही मेलाटोनिन दिलं नाही, दिवे लवकर मालवले. आणि पालकांचं प्रशिक्षण उरलं. ते करायला मी सर्वांत जास्त टाळाटाळ केली, कारण त्यात गोळी मला होती. एका वेळी एकच सूचना द्यायची. लांबून हाक मारायची नाही, जवळ जाऊन बोलायचं. नीट केलेलं दिसलं की त्याच मिनिटाला सांगायचं. उपचार चालू आहे हे ठाऊक नसणाऱ्याने दिलेल्या गुणांत याने मूळ चंचलता कमी झालेली दिसत नाही. पण आईबापांचं वागणं बदलतं आणि मुलाचा दांडगावा, उलट बोलणं कमी होतं, हे तशा गुणांतही दिसतं. आमच्या घरी आवाज उतरला. विसरणं तेवढंच राहिलं.

डॉक्टरांची गोळी आम्ही तो नऊ वर्षांचा झाल्यावर सुरू केली, मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध. तिचं घराणं थोडं मजेशीर आहे. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर मुलांचं डोकं दुखतं म्हणून बेंझेड्रिन हे दुसरं उत्तेजक औषध देत होते. डोकेदुखीला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण काही मुलं अभ्यासाला बसली. मुलं त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणायला लागली. म्हणजे या घराण्याचा जन्मही कुणाच्या आजीच्या बटव्याइतकाच योगायोगाचा. फरक पुढच्या ऐंशी वर्षांच्या तपासणीत आहे.

माझ्या नजरेवर माझा आता भरवसा नव्हता. म्हणून शाळेत बाईंना काहीच सांगितलं नाही. चौथ्या दिवशी डायरीत शेरा आला: 'या आठवड्यात वर्गपाठ पूर्ण. घरी काही वेगळं चाललंय का?' पहिल्याच संध्याकाळी तो स्वतः म्हणाला होता, "आज वर्गात पंख्याचा आवाज येत नव्हता." मी विचारलं, बंद होता का? "नाही गं, चालू होता."

डबा मात्र जसाच्या तसा परत यायचा. संध्याकाळी औषध उतरलं की तासभर रडवेला व्हायचा. वजन दोन महिने हललं नाही. मग मात्रा बदलली, वेळ बदलली, नाश्ता गोळीच्या आधी आणला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या मोठ्या चाचणीत नीट लक्ष देऊन दिलेलं औषध १४ महिन्यांनी मूळ लक्षणांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं होतं. तीन वर्षांनी मात्र गटांतला फरक मिटला होता. आमची गोळी आज चालते, उद्याचं उद्या.

मग एकदा मी तज्ज्ञ बाईंपुढे सगळी यादी काढली. काढा, पांढऱ्या गोळ्या, लाल रंगातला अहवाल, कंपासपेटी. त्या रागावतील असं वाटलं होतं. कंपासपेटीवर त्या इतक्या हसल्या की मुलगाही हसला. म्हणाल्या, "मासळीचं तेल द्यायचंच असेल तर या वेळी तुम्हाला कळू देऊ नका."

तशी आम्ही योजना आखली. आठ आठवडे. कुठल्या चार आठवड्यांत कॅप्सूल घ्यायच्या हे बाप-लेक चिठ्ठ्या टाकून ठरवणार आणि कागद पाकिटात बंद करणार. कॅप्सूल फ्रीजरमध्ये ठेवल्या की ढेकर येत नाहीत, हे बाबाने शोधून काढलं. मी फक्त वही भरायची. गुपित सांभाळायची जबाबदारी लेकाची. एकच मूल, तेही सगळं जाणणारं, वर त्याची नेहमीची गोळी चालू, अशा प्रयोगाला शास्त्रज्ञ हसतील याची मला कल्पना आहे.

खरं सांगायचं तर माझी पैज होती की तो दुसऱ्याच दिवशी बोलून टाकणार. ज्याला दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत दम निघत नाही, तो आठ आठवडे काय गप्प बसतोय? रोज रात्री मी वही उघडली की तो समोर येऊन उभा राहायचा, ओठ आत घेऊन, डोळे चमकवत. मी मुद्दाम विचारायचे, "आज घेतलीस?" तो मान अशी हलवायचा की हो पण नाही आणि नाही पण नाही.

पाकीट रविवारी सकाळी फोडलं. आकडे त्यानेच मांडले, पट्टीने रेघा मारून. कॅप्सूलच्या चार आठवड्यांची सरासरी १.४. बिनकॅप्सूलच्या चारांची १.३. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग वहीची मागची पानं उलटत त्या लाल शेऱ्यापाशी आला, दोन रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे खोडू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "तारीख घाल फक्त."

तो पेन शोधायला गेला. कंपासपेटी शाळेत राहिली होती.